तबकडीची ओढ

एखादे यंत्र कालबाह्य ठरले, त्याचे कारखाने बंद पडले, त्याचे कारागीर पोटासाठी इतर धंद्यांत पांगले आणि घरोघरी त्याची रवानगी माळ्यावर झाली, की त्याची कारकीर्द संपली असे धरून चालण्याचा व्यवहारी जगाचा शिरस्ता आहे. आणि बहुतेक यंत्रांच्या बाबतीत तो खराही ठरतो. आपल्याकडची तारसेवा २०१३ साली बंद झाली ती झालीच. तिच्या पुनरागमनासाठी कोणी अर्ज केल्याचे ऐकिवात नाही. ग्रामोफोनच्या तबकडीने मात्र हा निवाडा मानलेला दिसत नाही. २००६ साली अमेरिकेत नव्या तबकड्यांचा वार्षिक खप दहा लाखांच्याही आत उतरला होता, आणि या वस्तूचा आता शेवटचा हिशेब करून वही मिटावी अशीच सर्वांची समजूत होती. परंतु २०२० साली त्याच देशात तबकड्यांच्या विक्रीचे उत्पन्न सीडीच्या उत्पन्नावर मात करून गेले, आणि ही गोष्ट १९८६ नंतर प्रथमच घडत होती. पुढे दोनच वर्षांनी नगांच्या हिशेबातही तोच प्रकार झाला: सुमारे ४ कोटी १० लाख तबकड्या खपल्या, तर सीडी खपल्या सुमारे ३ कोटी ३० लाख.

या आकड्यांवरून जुन्याची हुकूमत पुन्हा प्रस्थापित झाली असा निष्कर्ष काढणे मात्र उतावीळपणाचे होईल. ज्या २०२२ साली तबकडीने सीडीला नगांच्या हिशेबातही मागे टाकले, त्याच वर्षी अमेरिकेतील ध्वनिमुद्रित संगीताच्या एकूण उत्पन्नापैकी सुमारे ८४ टक्के उत्पन्न इंटरनेटवरून ऐकल्या जाणाऱ्या संगीताचे होते. म्हणजे ज्याच्या खिशातील फोनवर दहा कोटींहून अधिक गाणी हुकमाची वाट पाहत उभी आहेत, असाच मनुष्य दुकानात जाऊन, पुरेसे पैसे मोजून, आठ-दहा गाण्यांची एक चपटी, जड आणि सहज ओरखडणारी वस्तू घरी आणीत आहे. चावीचे घड्याळ, फिल्मचा कॅमेरा, शाईचे पेन यांच्याकडे पुन्हा वळणाऱ्यांचीही कथा याहून निराळी नाही. परंतु तबकडीचे उदाहरण आपल्या दृष्टीने अधिक बोलके आहे, कारण तिचा देह दीर्घकाळ आपल्याच रानांतील लाखेचा होता आणि तिच्या इतिहासात आपल्या गवयांचा मोठा वाटा आहे.

ही ओढ कशाची, असे विचारले तर दोन उत्तरे तयार असतात. एक म्हणजे स्मरणरंजन, आणि दुसरे म्हणजे तबकडीचा आवाज अधिक चांगला असतो हा दावा. या दोन्ही उत्तरांची पारख करण्यापूर्वी हे यंत्र मुळात करते काय, हे समजून घेतलेले बरे.

ध्वनी म्हणजे हवेचे आंदोलन. ते आंदोलन एका पातळ पडद्यावर झेलावे, पडद्याला सुई जोडावी आणि सुईखालून एखादा मऊ पृष्ठभाग सरकवावा, म्हणजे सुई त्या पृष्ठभागावर आवाजाचा माग कोरून ठेवते. आणि तीच सुई त्याच मागावरून पुन्हा फिरविली, की पडदा पूर्वीसारखाच थरथरतो व हवा पूर्वीसारखीच हलते. १८७७ साली एडिसनने हे कौतुक कथलाचा पातळ पत्रा गुंडाळलेल्या एका नळकांड्यावर करून दाखविले. त्यानंतर दहा वर्षांनी, जर्मनीत जन्मून अमेरिकेत स्थायिक झालेल्या एमिल बर्लिनरने नळकांड्याऐवजी सपाट चकती वापरण्याचे पेटंट मिळविले. वरवर पाहता हा आकाराचा किरकोळ फरक वाटतो. पण त्यानेच या खेळण्याचा धंदा केला, कारण सपाट चकतीवरून धातूचा ठसा घेता येतो आणि त्या एका ठशाखाली हजारो चकत्या दाबून काढता येतात. खाच डावी-उजवीकडे नागमोडी हलत बाहेरून आत जाते. पुढील काळातील लाँग प्ले तबकडीच्या एका बाजूवरील ही एकच अखंड खाच सरळ उलगडली तर तिची लांबी अर्ध्या किलोमीटरच्या जवळपास भरते. जुन्या ग्रामोफोनला विजेचीही गरज नसे. चावीने पिळलेली स्प्रिंग थाळी फिरवी, पोलादी पिन खाचेतून धावे, पडदा थरथरे आणि कर्णा तो आवाज खोलीभर पसरवी. पिन इतकी झिजे की दर बाजूला ती बदलण्याचा रिवाज होता.

या चकत्या कशाच्या करावयाच्या, हा प्रश्न बर्लिनरने प्रारंभी कठीण रबराने सोडवून पाहिला. परंतु १८९५ च्या सुमारास त्याचे समाधानकारक उत्तर सापडले ते लाखेत. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर वसती करणारे बारीक किडे आपल्या अंगातून पाझरणाऱ्या रसाचे कवच करतात. ते खरवडून, वितळवून, गाळून तयार होणारी लाख त्या काळी जगाला मुख्यतः हिंदुस्थान पुरवीत असे, आणि छोटा नागपूर व त्याच्या आसपासचा मुलूख हे तिचे माहेर होते. दगडाची बारीक भुकटी, काजळी आणि थोडे तंतू यांना एकत्र बांधून ठेवण्याचे काम लाख करी. हा व्यापार इतक्या महत्त्वाचा झाला, की १९२४ साली रांचीजवळ नामकुम येथे लाखेच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था निघाली. आणि दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली अमेरिकी सरकारने लाखेच्या नागरी वापरावर निर्बंध घातले, तेव्हा जुन्या तबकड्या परत करून नव्या नेण्याची पाळी तेथील शौकिनांवर आली.

आपल्या देशातील तबकडीवरील ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९०२ सालच्या अखेरीचा. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग हा तंत्रज्ञ कलकत्त्यास आला, आणि तेथे त्याने ज्यांचे गाणे मुद्रित केले त्यांत गौहर जान ही त्या काळची विख्यात गायिका होती. गाणे संपताच ती इंग्रजीत आपले नाव उच्चारी, आणि ते शब्द आजही त्या तबकड्यांवर ऐकू येतात. मुद्रिका छापण्यासाठी जर्मनीत हॅनोव्हरला जात. तेथील कामगारांना कोणता आवाज कोणाचा हे कळण्यास दुसरा मार्ग नसल्यामुळे ही उद्घोषणा करण्यात येई, असे त्याचे कारण सांगितले जाते. लाखही येथून जाई, आवाजही येथून जाई, आणि त्या दोहोंपासून झालेला पक्का माल गिऱ्हाईक शोधीत पुन्हा येथेच येई. पारतंत्र्यातील व्यापाराचा हा सर्वसाधारण नमुनाच होता. १९०८ साली कलकत्त्यात सियालदहला कंपनीचा स्वतःचा कारखाना निघाला आणि पुढे तो डमडमला गेला. तेव्हा कुठे हा फेरा थांबला.

या यंत्राने गवयापुढे एक अट ठेवली, आणि ती अट कठोर होती. मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटांपेक्षा अधिक काही मावत नसे. ज्या गायनपरंपरेत रागाची प्रतिष्ठापना करावयासच अर्धा तास सहज लागावा, आणि ज्या रंगभूमीवर रसिकांच्या 'वन्स मोअर'च्या आग्रहाखातर एकेक पद लांबत जाऊन नाटकाला मध्यरात्र उलटून जावी, त्या परंपरेला आणि त्या रंगभूमीला ही अट म्हणजे अन्यायच होता. त्यातून, १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारा मायक्रोफोन आला तोपर्यंत गवयाला कर्ण्यात तोंड घालून, मान न हलविता, ठरलेल्या जोरात गावे लागे. अल्लादिया खाँसाहेबांसारख्या थोर गवयाने यंत्राला आपला आवाज दिलाच नाही. आपली विद्या कोणीही फुकटात उचलून नेईल अशी धास्ती त्या पिढीतील पुष्कळांना वाटे, आणि यंत्र गळ्यातील आवाज ओढून घेते असाही प्रवाद होता.

तथापि ज्यांनी अट पत्करली त्यांनी तिच्यातूनही कला निर्माण केली. आलाप, बंदिशीचा मुखडा, दोन-चार तानांची आतषबाजी आणि नेमक्या क्षणी समेवर विराम, असा सबंध मैफलीचा अर्क तीन मिनिटांत उतरविण्याचे एक निराळेच कसब सिद्ध झाले. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या अखेरच्या वर्षांतील मुद्रिका या कसबाचा आदर्श म्हणून आजही दाखविल्या जातात. आणि गदगमधील एका लहान मुलाने त्यांचीच तबकडी ऐकून, आपणही असेच गावे या ध्यासाने घर सोडले, हे त्या मुलाने पुढे पंडित भीमसेन जोशी झाल्यावर स्वतःच अनेकदा सांगितले आहे. बालगंधर्वांची पदे ज्या गावात नाटक मंडळीचा तंबू कधी पडणे शक्य नव्हते तेथवर पोचली, तीही याच चकत्यांवर बसून.

१९४८ साली कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी, बारीक खाचेची व्हिनाइलची तबकडी बाजारात आणली आणि तीन मिनिटांची जागा एकदम बावीस मिनिटांनी घेतली. ख्यालाला हातपाय पसरण्यापुरती जागा मिळाली. तेथून पुढे या शास्त्राचा इतिहास म्हणजे एकेक अट रद्द होत जाण्याचा इतिहास आहे. १९६३ साली आलेल्या कॅसेटने ध्वनिमुद्रण करण्याचा अधिकार कंपनीच्या हातून घरातल्या पोरासोरांच्या हाती दिला. १९८२ साली आलेल्या सीडीने खरखर घालविली, बाजू उलटण्याचे काम वाचविले आणि कोणतेही गाणे एका बोटाच्या इशाऱ्यावर आणून ठेवले. आणि इंटरनेटने तर तबकडी, फीत, कपाट, दुकान, किंबहुना वस्तू म्हणून जे काही होते ते सगळेच काढून टाकले. काळाची अट नाही, जागेची नाही, संख्येची नाही. ऐकणाऱ्याला एवढे स्वातंत्र्य संगीताच्या इतिहासात कधीही मिळालेले नव्हते. आणि नेमके तेथे पोचल्यावर काही माणसे मागे वळून तबकडीच्या दुकानात शिरली.

ती अधिक चांगल्या आवाजासाठी शिरली असतील काय? भौतिकशास्त्र तरी तसे म्हणत नाही. खर्जाचे स्वर खाचेला फार रुंद हेलकावे देतात आणि जागा खातात, म्हणून कोरताना खर्ज मुद्दाम दाबावा लागतो व तारस्वर उचलावे लागतात; ऐकताना यंत्रातील मंडल तो बदल उलटा करून मूळ तोल परत आणते, आणि यासाठी १९५४ पासून एक ठरीव प्रमाण रूढ आहे. शिवाय थाळीचा वेग कायम असल्यामुळे सुईखालून बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे अर्धा मीटर खाच सरकते, तर मध्याजवळ त्याच्या निम्म्याहूनही कमी. साहजिकच बाजू संपत आली की आवाज किंचित फाटू लागतो. सीडी दर सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीचे माप घेते, आणि तिच्यावर ना धूळ बोलते ना ओरखडा. तबकडीचा आवाज ऊबदार वाटतो हे पुष्कळांचे म्हणणे प्रामाणिक आहे. परंतु ती ऊब बहुधा तिच्या दोषांतून आलेली असते, अधिक अचूकपणातून नव्हे.

या प्रश्नाचा निकाल लावणारा एक प्रसंग २०२२ साली अमेरिकेत घडला. मूळ फितीवरून, संगणकाचा स्पर्शही होऊ न देता, तबकड्या तयार होतात अशी जिच्याविषयी शौकिनांची दृढ श्रद्धा होती, त्या मोबाइल फिडेलिटी या कंपनीच्या कित्येक मुद्रिकांच्या निर्मितीत मधला एक टप्पा अंकीय ध्वनिमुद्रणाचा होता, हे उघडकीस आले आणि कंपनीला ते मान्य करावे लागले. मोठा गदारोळ झाला. परंतु त्या गदारोळात एक गोष्ट कोणाला नाकारता आली नाही, की ज्यांनी वर्षानुवर्षे त्या तबकड्या ऐकल्या आणि वाखाणल्या, त्या कसलेल्या कानांना हा टप्पा जाणवला नव्हता. त्यांची फसगत कागदावरच्या माहितीने झाली. कानांची काही तक्रारच नव्हती.

मग स्मरणरंजन? ज्यांच्या बालपणी लग्नमंडपात कर्ण्यावरून गाणी वाजली, इराण्याच्या हॉटेलात चहाच्या एका कपावर ज्यांनी फर्माइशीची रेकॉर्ड ऐकली, त्यांच्या बाबतीत हे कारण पुरेसे आहे. परंतु आज तबकडी विकत घेणाऱ्यांत ज्यांनी ग्रामोफोन केवळ चित्रात पाहिला असेल अशा तरुणांचा भरणा मोठा आहे. ज्याची स्मृतीच नाही त्याचे रंजन कसले? इतकेच नव्हे, तर अमेरिकेत झालेल्या एका पाहणीत तबकडी विकत घेणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांकडेच ती वाजविण्याचे यंत्र असल्याचे आढळले. ही बाब थट्टेवारी नेण्यासारखी वाटते. परंतु तिच्यात एक अर्थ आहे. या मंडळींना गाणे ऐकावयाचे असते ते फोनवर मिळतेच. त्यांना हवी असते ती मालमत्ता.

हा शब्द येथे काटेकोर अर्थाने वापरला आहे. इंटरनेटवरील संगीताचा वर्गणीदार त्या संगीताचा मालक नसतो. त्याला ठराविक मुदतीपुरता, ठराविक शर्तींवर ऐकण्याचा परवाना मिळालेला असतो. कंपनी आणि हक्कदार यांच्यातील करार संपला की एखादा गायक एका रात्रीत सगळ्या ग्राहकांच्या यादीतून नाहीसा होऊ शकतो, आणि वर्गणी थकली तर अख्खी यादीच जाते. तबकडी मात्र एकदा घेतली की घेतली. ती कोणाला उसनी देता येते, बक्षीस देता येते, वारसाहक्काने मुलाकडे जाते, आणि मुलाने चोरबाजारात विकली तर तेथून दुसऱ्या कोणाच्या दिवाणखान्यात जाऊन पुन्हा वाजते. जुन्या साधनांच्या ओढीमागे ही मालकीची भूक मोठी आहे, आणि तिला केवळ भावनिक म्हणून हसण्यात अर्थ नाही.

दुसरे खरे आकर्षण यंत्राच्या सुगमतेचे आहे. फोनमधून गाणे कसे निघते हे त्या शास्त्रातील जाणकाराखेरीज कोणी सांगू शकत नाही, आणि पाहून तर मुळीच कळत नाही. तबकडीचे रहस्य मात्र भिंगाखाली डोळ्यांना दिसते, जोराच्या आवाजाचे हेलकावे मोठे आणि विरामाची खाच सरळ. या सुगमतेचा सर्वांत मोठा दाखला पृथ्वीवर नाहीच. १९७७ साली अमेरिकेने व्हॉएजर नावाची दोन याने सोडली, आणि कोणे एके काळी परग्रहावरील एखाद्या बुद्धिमान प्राण्याच्या ती हाती लागलीच तर, या कल्पनेने प्रत्येकावर एकेक तबकडी ठेवली. सोन्याचा मुलामा दिलेली, तांब्याची, बारा इंची आणि मिनिटाला १६⅔ फेरे घेणारी ही तबकडी, सोबत सुई, आणि झाकणावर, ती कशी वाजवावी याच्या सूचना शब्दांवाचून, आकृत्यांनी कोरलेल्या. वेगाचे माप तरी त्या अनोळखी प्राण्याला कसे कळावे? म्हणून हायड्रोजनच्या अणूतील एका नैसर्गिक स्पंदनाचा काळ हे एकक धरले आहे. १९७७ साली सीडीचा जन्म व्हावयाचा होता आणि निवडीला फारसा वाव नव्हता हे खरे; परंतु कोणत्याही सांकेतिक लिपीचे ज्ञान गृहीत न धरता, केवळ एका टोकदार वस्तूच्या साहाय्याने ज्यातून आवाज काढता येईल असे साधन आजही शोधू गेल्यास खाचेपेक्षा सोपे काही सुचणार नाही.

त्या तबकडीवर ५५ भाषांतील शुभेच्छा आहेत आणि त्यांत मराठीही आहे. त्यावरील जगभरच्या संगीतात हिंदुस्थानी संगीताचे प्रतिनिधित्व करणारा आवाज गोव्यातील केरी गावच्या सुरश्री केसरबाई केरकर यांचा आहे: भैरवीतील एक चीज, सुमारे साडेतीन मिनिटांची. यानांचे उड्डाण १९७७ च्या २० ऑगस्टला आणि ५ सप्टेंबरला झाले, आणि १६ सप्टेंबरला केसरबाईंचे निधन झाले. ज्या अल्लादिया खाँसाहेबांनी आपला आवाज यंत्राला दिला नाही, त्यांचीच ही शिष्या. आणि तिने त्या काळच्या अटीत बसवून गायिलेली ती भैरवी २०१२ साली सूर्यमंडळाच्या प्रभावक्षेत्राची सीमा ओलांडून गेली.

मालकी आणि सुगमता यांच्याहूनही खोल असे तिसरे कारण म्हणजे स्वतः ती अटच. तबकडी लावणाऱ्याला ती निवडावी लागते, पाकिटातून काढावी लागते, पुसावी लागते, सुई जपून टेकवावी लागते. बावीस मिनिटांनी उठून बाजू बदलावी लागते. मधले गाणे आवडले नाही तरी ते सहसा ऐकून घ्यावे लागते, आणि बाजू संपली की संगीत थांबते. वरकरणी हे सगळे गैरसोयीचे प्रकार आहेत. परंतु न संपणाऱ्या संगीतात कोणते गाणे ऐकले आणि कोणते नुसते कानांवरून गेले याचा हिशेब राहत नाही, आणि ज्याला आरंभ आहे व शेवट आहे अशा ऐकण्याची किंमत तेथे कळू लागते.

येथे एक भेद मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. उपास आणि उपासमार या दोहोंत पोट सारखेच रिकामे असते. परंतु एकादशी धरणाऱ्याच्या घरात धान्याची कणगी भरलेली असते, उद्याची द्वादशी ठरलेली असते, आणि म्हणूनच त्याच्या न खाण्याला व्रताची प्रतिष्ठा मिळते. १९०५ च्या गवयाची तीन मिनिटे ही उपासमार होती. आजच्या श्रोत्याची बावीस मिनिटे हा उपास आहे. यंत्र तेच, अट त्याच जातीची. परंतु एकावर ती लादलेली होती आणि दुसऱ्याने ती आपखुशीने पत्करली आहे. ज्या कचेरीत टंकयंत्राखेरीज दुसरे साधन नव्हते, तेथील कारकुनाला त्याच्या खटखटीत कधी काव्य आढळल्याचे ऐकिवात नाही. ते आढळते संगणक बाजूला सारून टंकयंत्रावर पत्र लिहिणाऱ्याला. जुन्या साधनाची मोहिनी ही म्हणून भूतकाळाची देणगी नव्हे. ती वर्तमानातील विपुलतेचे अपत्य आहे. नवे साधन नसते तर जुन्यात मौज वाटली नसती, नुसती अडचण वाटली असती.

हे एकदा मान्य केले म्हणजे जुन्याच्या भक्तांनी नव्याविषयी तुच्छतेने बोलण्याचे कारण उरत नाही, आणि या व्रताच्या खर्चाच्या बाजूही मोकळेपणाने पाहता येतात. आजची तबकडी व्हिनाइलची, म्हणजे एका प्लास्टिकची आहे, आणि ती स्वस्तही नाही. न वाजविता भिंतीवर टांगण्यासाठी ती घेण्यात रसिकतेपेक्षा शोभेचा भाग अधिक. शिवाय या पुनरुज्जीवनाचा पाया फार अरुंद आहे. ज्या लॅकरच्या चकतीवर प्रथम खाच कोरतात ती चकती बनविणारे जगात मुळी दोनच महत्त्वाचे कारखाने उरले होते, एक कॅलिफोर्नियातील बॅनिंग येथे आणि दुसरा जपानात. पैकी बॅनिंगचा कारखाना २०२० च्या फेब्रुवारीत आगीत भस्मसात झाला. ज्या वर्षी तबकडीने सीडीवर मात केली, त्याच वर्षी तिच्या निर्मितीचा सारा भार जवळजवळ एकाच कारखान्यावर येऊन पडला होता. कसब जाणणारी माणसे थोडी, यंत्रे जुनी, सुटे भाग दुर्मीळ. आणि मागणी वाढली म्हणून चाळीस वर्षांचा अनुभव बाजारातून मागविता येत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न आणखी एका अंगाने महत्त्वाचा आहे. आपल्या संगीताच्या अर्धशतकाचा जवळजवळ एकमेव श्राव्य दस्तऐवज म्हणजे लाखेच्या या तबकड्या, आणि त्यांपैकी पुष्कळ आज खाजगी घरांत, जुन्या बाजारांत आणि भंगाराच्या ढिगांत विखुरलेल्या आहेत. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेने आणि तिच्यासारख्या हौशी संग्राहकांनी या दप्तराची नोंद करण्याचे, याद्या छापण्याचे आणि मुद्रिका ऐकवून त्यांची ओळख करून देण्याचे काम पदरमोड करून केले. लाख ठिसूळ असते आणि प्रत्येक वेळी सुई फिरताना खाच थोडी झिजते, सबब हा आवाज टिकवावयाचा तर त्याची संगणकीय नक्कल करण्यास पर्याय नाही. म्हणजे जुन्याचे रक्षण नव्याच्याच हातून व्हावयाचे आहे. आणि नक्कल झाली तरी मूळ तबकडी जपलीच पाहिजे, कारण उद्या अधिक चांगल्या साधनाने तिच्यातून आजच्यापेक्षा अधिक काही वाचता येण्याचा संभव असतो.

तेव्हा ज्याच्या माळ्यावर आजोबांच्या तबकड्यांची पेटी असेल त्याने ती रद्दीवाल्यास वजनावर देण्यापूर्वी एखाद्या जाणत्या संग्राहकाला दाखवावी. आणि ज्याला नव्या तबकडीचा शौक लागला असेल त्याने थोडा खर्च तिच्या यंत्राची देखभाल करणाऱ्या कारागिरावरही करावा. नव्या साधनांची काळजी बाजार घेईल, कारण त्यांत नफा आहे. जुन्या साधनांची निवड करण्याची मोकळीक मात्र ती दुरुस्त करणारे, कोरणारे आणि त्यांची नोंद ठेवणारे थोडे तरी लोक शिल्लक असतील तोवरच राहणार आहे. आणि ते लोक पोसण्याची जबाबदारी, ज्यांना ही मोकळीक हवी आहे त्यांच्यावरच येते.